व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारानंतर लंडनचा विमानप्रवास कधी करावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
नमस्कार. माझ्या आईच्या उजव्या पायातील व्हेरिकोज व्हेन्सवर (फुगलेल्या शिरांवर) गेल्या आठवड्यात लेझरने उपचार झाले. आई साठीची आहे आणि घरात व्यवस्थित चालते-फिरते. बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला लंडनला जायचे असून तिकीट पुढच्याच आठवड्याचे आहे. सर्जन "जपून जा" एवढेच म्हणाले, तर नातेवाईक ॲस्पिरिन देऊन पाठवा म्हणतात. नऊ-दहा तास बसून राहणे तिला इतक्या लवकर झेपेल का?

प्रतिसाद (परिचारिका, वाशी)
ताई, तारीख पुढे ढकलता येत असेल तर ढकलाच. लेझरच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात, आणि तिथली रक्ताची गुठळी क्वचित खोल शिरेच्या तोंडाशी सरकते. म्हणून नंतर डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. आईंची झाली आहे का? शिरेला झालेली इजा आणि मंदावलेला रक्तप्रवाह ही गुठळीची दोन मोठी कारणे आहेत. पहिले आईंच्या पायात आहेच, दुसरे विमानात बसून राहिल्याने येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो सुमारे ६००० जणांत एक इतका कमी असतो, परंतु नुकतेच उपचार झालेल्या व्यक्तीला हा दिलासा लागू होत नाही. अनेक सर्जन लांबच्या प्रवासाआधी काही आठवडे थांबायला सांगतात. तेव्हा मोघम उत्तरावर थांबू नका: खोल शिरा मोकळ्या आहेत का, कोणत्या तारखेपासून प्रवास चालेल आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिनचे इंजेक्शन लागेल का, हे लेखी घ्या. पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर तेही न विसरता सांगा. ॲस्पिरिन मात्र मनाने देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

प्रतिसाद (कोपरी, ठाणे)
वडिलांच्या वेळचा अनुभव सांगतो. दाबाचे मोजे सकाळी, पायाला सूज नसताना, घोटा आणि पोटरी मोजून घ्यावेत. वरची किनार दुमडली की तीच पोटरीला करकचून आवळते, त्यामुळे ती अधूनमधून बोटाने चाचपून पाहावी. मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजे घालू नयेत. जागा मधल्या वाटेलगतची घ्या, पायाशी बॅग ठेवू नका, झोपेची गोळी टाळा. टाच टेकवून चवडा वर-खाली करत राहावे, म्हणजे पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. ठाण्याहून विमानतळापर्यंत गाडीत आणि नंतर तिथे बसण्यात जाणारा वेळही हिशेबात धरा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. डॉपलर अजून झालेली नाही. उद्याच वेळ घेते आणि तिकीट पुढे ढकलते.

प्रतिसाद (परिचारिका, वाशी)
फार बरे केलेत. विमा घेताना हा उपचार नोंदवा. विमानातून उतरल्यावर काही आठवड्यांनीही गुठळी होऊ शकते, म्हणून बहिणीलाही सांगून ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली तर त्याच दिवशी तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला, १११ वर, फोन करावा, धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले तर थेट आपत्कालीन क्रमांक ९९९ वर.