रोजचे मोबाईल फोटो आन चर्चमधली सोनेरी नक्षी, दोन्हीला एकच नजर लागती का?

लातूरची_बाभळ:
दिवाळीनंतर घरच्यांसोबत गोव्याला गेलतो. जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या चर्चमध्ये शिरलो, १६०५ ला बांधून झालेलं, बाहेरून नुसता तांबडा जांभा दगड दिसतो कारण १९५० च्या दशकात वरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला, त्यामुळं आत काय असंल याचा अंदाजच येत नाही. आन आत गेलो तर समोरची वेदी छतापर्यंत सोनेरी! पिळाचे खांब, पानं, वर सूर्यासारखे किरण. बायको म्हणली चला आता, मी हलंना.

घरी येऊन मोबाईल बघितला तर वेदीचे ६२ फोटो, एकापेक्षा एक भंगार. आन त्यांच्याच आधीचा एक फोटो, मायची वाकळ गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेली, तो मात्र असा आलाय की बघतच बसावं. तवापासून डोक्यात किडा वळवळायलाय. वेदी कोरणाऱ्यानं मोकळी जागा दिसली की पान घातलंय, मायनं फाटलं की ठिगळ लावलंय, दोघांनाबी रिकामं ठिवणं जमत नव्हतं. मग मी रोज एक फोटो काढायलो. अडतीत सोयाबीनच्या ढिगावर पडलेलं ऊन, टपरीवर पालथे घातलेले ग्लास, एसटीच्या काचेवर कुणीतरी बोटानं काढलेला बदाम. माझं म्हणणं एवढंच की चर्चमधली नक्षी आवडायला जी नजर लागती तीच इथंबी लागती. पटतंय का कुणाला?

नांदेडचा_खडूस:
नाही पटत. उगं काहीतरी. वेदीच्या लाकडावर आधी पटाशीनं कोरायचं, मग खडू आन सरसाचे थरावर थर, त्यावर तांबड्या मातीचा लेप, मग सोन्याचा वर्ख, जो नुसत्या श्वासानं उडतो, आन शेवटी अकीकाच्या दगडानं घासून चकाकी आणायची. तुमी काय केलं? बोट लावलं. आन ६२ फोटो काढले म्हंजे तुमी ती वेदी एकदाबी बघितली नाही, मोबाईलनं बघितली.

छावणीतली_सायकल:
बोट लावलं म्हणून हिणवू नका हो. आमच्या इकडचंच उदाहरण घ्या. मेजर रॉबर्ट गिल, १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर, वर्षानुवर्षं लेण्यात बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला पाठवले. १८६६ ला तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागली आणि त्यातले बहुतेक जळून गेले. याच माणसाने कॅमेराही घेतला होता आणि अजिंठा वेरूळचे त्याचे फोटो १८६४ ला पुस्तकात आले, ते आजही आहेत. मग मोठं काम कोणतं, हाताचं की बोटाचं?

नांदेडचा_खडूस:
@सायकल अहो मपलाच मुद्दा मांडलाव की तुमी! वीस वर्षं त्याच भिंतीपुढं बसला म्हणून त्याला कॅमेरा कुठं लावावा ते कळलं. आन तवाचा फोटो म्हंजे काचा, केमिकल, तिपाई, सगळं डोंगरात वाहून न्यायचं. त्याला आन पालथ्या ग्लासाच्या फोटोला एका तागडीत घालायलाव का?

जालनेकरीण:
मी जालन्याची, प्रोटेस्टंट. आमच्या चर्चमध्ये पांढऱ्या भिंती, एक लाकडी क्रूस आणि पंखे, बस्स. त्यामुळे सोनं असलं की सौंदर्य हे मला मुळातच मान्य नाही. पण तुम्ही दोघं चर्चकडे म्युझियमसारखं बघताय त्याचं काय? तो वर्ख सजावट म्हणून नुसता फासलेला नाही, वीज नव्हती, मेणबत्त्या होत्या, ज्योत हलली की सगळी वेदी हलल्यासारखी दिसायची. फ्लॅश मारला की ती मेली. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे ती रंगांसाठी, मला विचाराल तर इथे डोळ्यांसाठी घालावी. आणि उपासना चालू असताना मोबाईल वर करून उभे राहणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही, लग्नातले फोटोवाले बरे.

माझ्या सासूबाई दर शनिवारी शेवंती आणि झेंडूची फुलदाणी लावतात. रविवारी संध्याकाळपर्यंत माना टाकतात फुलं. इतक्या वर्षांत त्याचा एक फोटो नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. आता हे लिहिताना वाईट वाटतंय खरं.

पैठणचा_धोटा:
पैठणीच्या काठावर आसावलीची वेल विणणाऱ्या आमच्या मावशीला विचारलं, तुला त्या वेलीत सौंदर्य दिसतं का. म्हणली पाठ दुखती, चहा टाक.

छावणीतली_सायकल:
😂 संपला विषय

लातूरची_बाभळ:
नाही संपला. @खडूस, कष्टाचं मान्य, एकदम मान्य. पण त्या पोर्तुगीज पद्धतीच्या वेद्यांवर पिळाच्या खांबाला द्राक्षाचा वेल चढवायची रीत आहे, काहून? उपासनेतल्या वाइनसाठी. कुठं गव्हाच्या ओंब्या कोरत्यात, त्या उपासनेतल्या भाकरीसाठी. म्हंजे कुणीतरी आधी वेल कसा चढतो, त्याचा ताणा कसा गुंडाळतो, हे शेतात उभं राहून बघितलंच असंल ना? अजिंठ्याला लेणं १ आन २ चं छत बघा मान वर करून, फळं, फुलं, हंस. ते काय स्वर्गातून आणले व्हते? मी तेच बघायलो, फक्त मला पटाशी धरता येत नाही.

आन @जालनेकरीण ताई, फ्लॅशचं चुकलंच. ६२ पैकी निम्मे फ्लॅशवालेच होते, म्हणूनच भंगार आले असतील.

जालनेकरीण:
असतील नाही, म्हणूनच आले. 🙂

नांदेडचा_खडूस:
बघितलं असंल, पण बघून थांबला नाही तो, कोरलं. तुमी थांबताव. असू द्या. ती वाकळ तरी टाका, एवढं बोलायलाव तर.

लातूरची_बाभळ:
[फोटो] घ्या.

नांदेडचा_खडूस:
तिरका आलाय. खालचा कोपरा कापलाव. मधी ते खाकी ठिगळ कशाचंय?

लातूरची_बाभळ:
माझी सातवीतली चड्डी.