डीबीएसने मेंदू 'जळतो' म्हणे!

बाळीवेसकर: काल इथे कुणीतरी टाकलं, "पार्किन्सनला डीबीएस करू नका, करंटने तारेभोवतीचा मेंदू जळून जातो." डोकंच फिरलं. डीबीएस म्हणजे मेंदूत बारीक तार घालून छातीत बसवलेल्या बॅटरीच्या मशीनने करंट द्यायचा. ऑपरेशन झालेल्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासलेत डॉक्टरांनी. तारेभोवती व्रणाचं पातळ वेष्टण सापडतं, बहुधा मिलीमीटरच्या आतलं. पलीकडे करंटने जळाल्याची खूण नाही. तारच मुळात १.२७ मिलीमीटर जाडीची! घालताना रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका वेगळा.

आमच्या अप्पांचा उभा जन्म मागावर गेला. डीबीएसच्या आधी शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, शेंगाचटणी सगळी बनियनवर. आता कडक भाकरी स्वतः मोडतात, कट्कन आवाज बाहेरच्या खोलीत येतो. जळालेल्या मेंदूने होतंय का हे?

होटगीरोड: पातळ का असेना, व्रण आहे ना? मग झालं की! आमच्या मामांची थरथर मशीन चालू करायच्या आधीच कमी झाली होती. नुसती तार घुसल्याने. म्हणजे इजा झालीच.

बाळीवेसकर: ती आत जाताना आलेली सूज ओ. काही दिवसांत, आठवड्यांत ओसरते, थरथर परत येते, मग मशीन लावतात. मामांची आली नव्हती का परत? खरं सांगा.

होटगीरोड: आली. पण मशीन लावल्यापासून आवाज बसलाय, त्याचं काय?

अक्का_विजापूरवेस: मेंदू कशाने भाजतो ते मी सांगते. आईलाही डीबीएस आहे. तिच्या गुडघ्यांना शेक द्यायला नेलं, तर तिथल्या फिजिओ पोराने शॉर्टवेव्हचे पॅड काढले. मी तिच्या छातीवरचं बॅटरीचं टेंगूळ दाखवलं, तर म्हणे, "मावशी, शेक गुडघ्याला आहे, डोक्याला नाही!" या शॉर्टवेव्ह शेकाची, म्हणजे डायथर्मीची, ऊर्जा तारेतून वर जाते आणि टोकाशी मेंदू भाजतो. माणसं गेलीत त्यात. २००२ साली अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिलाय, शेक कुठेही असो, मशीन बंद असो, तरी नाही.

फिजिओ_सातरस्ता: एकामुळे सगळ्यांना झोडपू नका. फॉर्मवर डीबीएस लिहिलं होतं का?

अक्का_विजापूरवेस: फॉर्म? वहीत नाव लिहिलं आणि दीडशे रुपये घेतले! काय सांगायलाव तुम्ही?

फिजिओ_सातरस्ता: आम्ही विचारतो. पेशंटच लपवतात.

अक्का_विजापूरवेस: बोट ठेवून दाखवलं की हो! याला लपवणं म्हणतात?

फिजिओ_सातरस्ता: बरं. त्याचं चुकलं. माझं नाही.

बाळीवेसकर: अक्का, वेगळा धागा काढा, लोकांना कळू द्या. इथे प्रश्न करंटचा आहे.

होटगीरोड: चला, 'जळतो' शब्द तुम्हाला दान केला. पण आजार थांबत नाही, हे लिहायला हात का थरथरतो मालक?

बाळीवेसकर: घ्या, लिहिलं. मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या पेशी मरायच्या त्या मरतच राहतात, मशीन नुसती लक्षणं दाबतं. अप्पांचा तोल हल्ली जातोय, तेही लिहितो. झालं समाधान? मामांनाच विचारा, पुन्हा कराल का म्हणून.

होटगीरोड: विचारलं आत्ताच. काहीतरी बोलले. फोनवर कळलं नाही.