घरच्या मशीनवर गोधडी शिवताना फुटापुढे कापड फुगतंय, काय करू?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या दोन महेश्वरी साड्या, तीन सुती पातळं आणि मामंजींचे सदरे यांचे, शिवून सहा इंच उरतील असे १५० चौकोन जोडून मी गोधडीचा वरचा थर केला. ६० बाय ९० इंच. मध्ये फायबरची शीट, खाली मांजरपाट. मशीन माहेरचं, काळं, पायाचं.

कडेपासून सुरुवात केली, सांध्यांवरून सरळ टीप मारत. पहिल्या चार ओळी बऱ्या गेल्या. पाचवीपासून फुटापुढे, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायापुढे, कापड फुगायला लागलं आणि ओळीच्या टोकाला इंचभर दुमड पडली. उलटून पाहिलं तर मांजरपाटालाही चुण्या. दोनदा उसवलं. महेश्वरीच्या एका चौकोनावर सुईची भोकं तशीच राहिलीत, ती बघून पोटात गलबलतं. हाताने घालायला बोटं साथ देत नाहीत. जानेवारीत नणंद येतेय, तिच्या हातात ही द्यायची आहे.

उत्तर: गोधडीवाली (रामबाग)

अगं, तुझी शिलाई चुकलेली नाही. मशीनचे दाते फक्त खाली असतात. ते मांजरपाट ओढून नेतात आणि वरचा थर फुटाखाली घासत मागे राहतो. दर टाक्याला केसभर राहिला तरी ९० इंचांत त्याचा इंच होतो.

आई हाताने गोधडी घालायची ती कडेपासून, चौकोनात फिरत आत यायची. दर दोन-चार टाक्यांनी तळहात फिरवून सळ पुढे सारायची. मशीनला तो तळहात नाही, म्हणून मशीनवर मधून सुरुवात करायची. आधी मधली उभी ओळ, मग तिच्या उजवीकडे एकेक करत कडेपर्यंत, मग गोधडी फिरवून दुसरी बाजू.

पण त्याआधी सगळं उसव आणि थर पुन्हा अंथर. फरशीवर मांजरपाट उलटं घालून कडा चिकटपट्टीने ताठ बसव, ताणू मात्र नकोस. ताणलंस तर पट्टी काढल्यावर ते आखडतं आणि चुण्या तिथूनच येतात. मांजरपाट कोरं असेल तर आधी धुऊन घे. जुनी पातळं आटायची तेवढी आटून गेलेली असतात, कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं. मग त्यावर शीट आणि वरचा थर अंथरून दर चार इंचांवर सेफ्टी पिन लाव. तीनशे-साडेतीनशे लागतील. कंटाळा आला तरी इथे घाई नको, अर्धं काम इथेच होतं.

वॉकिंग फूट मिळाला तर जरूर घे. त्याला वरूनही दाते असतात, दोन्ही थर बरोबर चालतात. त्याचा छोटा दांडा सुई आवळायच्या स्क्रूवर बसला पाहिजे. खाली राहिला तर वरचे दाते चालतच नाहीत. टाका मोठा ठेव, इंचाला आठ. सुई १४ नंबरची, नवी. हाताच्या शिलाईचा मेण लावलेला दोरा मशीनमध्ये घालू नकोस, मेण दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांत साचतं.

उत्तर: मशीन दुरुस्त करणारा

काळ्या मशीनवर फुटाच्या दांडीच्या डोक्यावर गोल स्क्रू असतो. तो डावीकडे दोन-तीन फेरे सैल करा, दाब कमी होतो. आधी गोधडीच्याच कापडाचा, तिन्ही थरांचा वीतभर तुकडा करून त्यावर तपासा. अन् गोधडी टेबलावरून लोंबकळू देऊ नका. तिचं वजन सुईला मागे खेचतं, टाके लहान-मोठे पडतात. डावीकडे नि मागे खुर्च्या लावा, उजवीकडची गुंडाळी घट्ट करा.

उत्तर: महेश्वरीप्रेमी

भोकं पडलेल्या चौकोनाबद्दल सांगते. महेश्वरीचा ताणा (उभे धागे) बहुतेक रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा, त्यामुळे ती सुतीशेजारी निसटते. त्या चौकोनामागे मऊ मलमलचा तुकडा कच्च्या टाक्याने धर. नखाने धागे हलकेच सरकव, बरीच भोकं मिटतात.

आणि सगळी गोधडी मशीनच्या हाताखालून जातच नसेल तर उभे तीन भाग कर. तिन्ही वेगवेगळे शिव आणि शेवटी दोन्ही बाजूंनी पट्टी लावून जोड. पट्टी मामंजींच्या सदऱ्याची घेतलीस तर मुद्दाम केल्यासारखी दिसेल.

प्रश्नकर्ती

तीन भागच केले, प्रत्येकी २० इंच. वॉकिंग फूट एम. टी. क्लॉथ मार्केटकडे गेले तेव्हा तिथल्याच एका दुकानात मिळाला. पहिल्यांदा त्याचा दांडा स्क्रूखालीच राहिला होता, ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलंच नसतं. काल रात्री मधल्या भागाची पहिली ओळ घातली. उलटून मांजरपाटावर हात फिरवला, कुठेही सळ नाही. भोकांचा चौकोन मलमल लावून त्याच जागी ठेवलाय. सदऱ्याच्या पट्ट्या आज कापते, बाहीची कापू की पाठीची, ते नणंदेला विचारून.