मदत हवी आहे: मामाच्या जठराच्या कॅन्सरचा प्रोटीन रिपोर्ट, पुन्हा दुर्बीण (एंडोस्कोपी) करावी का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

पॅथॉलॉजी किंवा ऑन्कॉलॉजीतलं कोणी इथे असेल, किंवा घरात हा आजार काढलेलं कोणी असेल, तर कृपया वाचा. शुक्रवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.

माझा मामा, वय ४६, कोथरूडला राहतो. जठरात गाठ निघाली. बायोप्सीत डिफ्यूज (पेशी विखरून वाढणारा) प्रकार, सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी. सीटीत यकृत, फुप्फुसं स्वच्छ आहेत. पण पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके सीटीतून सुटू शकतात, म्हणून पुढच्या आठवड्यात लॅप्रोस्कोपीने आत बघणार आहेत.

रिपोर्टमध्ये 'ई-कॅडहेरिन: लॉस' असं लिहिलंय. हे प्रोटीन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. ते गेलं की पेशी सुट्या होऊन जठराच्या भिंतीत एकेकट्या शिरतात, आणि या प्रकारात आवरणावर पसरायचा धोका जास्त असतो. मामीने हे नेटवर वाचलं आणि 'म्हणजे पसरलाच' असं धरून बसली आहे. दोन दिवस धड जेवलेली नाही. मला समजलं ते असं की डिफ्यूज प्रकारात हे प्रोटीन बरेचदा गेलेलंच असतं. त्यावरून गाठीचा स्वभाव कळतो, ती आज कुठवर पोचलीय ते नाही. बरोबर आहे ना? जाणकारांनी दोन ओळी लिहिल्या तर तिला तशाच वाचून दाखवीन.

खरा पेच हर-टूचा आहे (काही गाठींच्या पेशींवर जास्त असणारं, त्यांना वाढवणारं प्रोटीन). ते २+ आलंय, म्हणजे ना होय ना नाही. ३+ असतं तर पॉझिटिव्ह धरलं असतं. २+ ला फिश चाचणी करून जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. लॅब म्हणते ब्लॉकमध्ये (बायोप्सीचे तुकडे जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यात) माल कमी आहे, पुन्हा दुर्बीण करून तुकडे द्या. पहिल्या वेळी तीनच तुकडे घेतले होते. जठराच्या गाठीत हर-टू एका जागी असतं, शेजारी नसतं, म्हणून सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं वाचलं.

पण मामा आत्ता चार चमचे पेजेवर आहे, वजन उतरलंय. आणि हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब मुख्यतः पसरलेल्या आजारात केमोसोबत देतात. मग लॅप्रोस्कोपी स्वच्छ आली, तर आधी केमो, नंतर ऑपरेशन, आणि काढलेल्या जठरावरच फिश करता येणार नाही का? की केमोनंतर तपासायला गाठच पुरेशी उरत नाही? शिवाय सिग्नेट रिंगमध्ये हर-टू पॉझिटिव्ह कमीच निघतं म्हणे. माझा कल थांबण्याकडे आहे, पण मी डॉक्टर नाही.

दुर्बीण करायचीच ठरली, तर त्याच तुकड्यांवर क्लॉडिन १८.२ (गाठीच्या पेशींवरचं आणखी एक प्रोटीन) पण तपासून मागावं का? त्यावरच्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, पण तेही पसरलेल्या किंवा ऑपरेशन न होणाऱ्या आजारासाठीच. पुण्यात क्लॉडिनची चाचणी कुणी करून घेतली असेल तर किती दिवस लागले ते सांगा. एमएमआर प्रोटीन (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) शाबूत आहेत, तिथे प्रश्न नाही.

शेवटचं माझ्या आईबद्दल, ती मामाची सख्खी बहीण. पन्नाशीच्या आत डिफ्यूज प्रकार झाला तर सीडीएच१ जनुकाची तपासणी सुचवतात. ती आधी मामाच्या रक्तावर करायची आणि दोष सापडला तरच आईची, असाच क्रम ना? या जनुकामुळे बायकांना स्तनाच्या कॅन्सरचाही धोका असतो, म्हणून विचारतेय. आईला अजून काही बोललेले नाही.

रिपोर्टचा फोटो नाव झाकून व्यनितून पाठवू शकते.