स्वतःचीच चाल चोरली म्हणून खटला? हा गायक कोण?

मिरजेचा पेटीवाला

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ५८, मुक्काम मिरज. नोकरी बँकेत झाली, पण ओळख भजनी मंडळातला पेटीवाला अशीच. १९९८ साली एका कॅसेट कंपनीसाठी आठ अभंगांना चाली लावल्या होत्या. एकरकमी ४,००० रुपये मिळाले आणि दोन पानी कागदावर सही झाली. कागद वाचला नाही. कव्हरवर आपलं नाव छापून येणार याचंच तेव्हा अप्रूप होतं.

गेल्या आषाढीला एक नवा अभंग बसवला. मुलीने मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर चढवला. आठ दिवसांत नोटीस आली, की ही चाल आमच्या मालकीच्या गाण्यावरून घेतलेली आहे. त्यांच्या मालकीचं गाणं कुठलं, तर त्या कॅसेटमधलं तिसरं. म्हणजे माझंच!

आता खोटं कशाला बोलू, साम्य आहे. दोन्हीकडे अंतरा वरच्या गंधारावर जाऊन रेंगाळतो आणि तिथून घसरत खाली षड्जाला येतो. तो माझा हात आहे, तो कुठे टाकू? बायको तर लग्नापासून म्हणतेय की तुमची चाल एकच आहे, शब्द तेवढे बदलतात.

आमचा तबलजी म्हणाला, अमेरिकेत एका रॉक गायकावर हुबेहूब अशीच पाळी आली होती आणि तो कोर्टात गिटार घेऊन गेला होता. नाव मात्र त्याला आठवेना. मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. कोण हा माणूस? असं खरंच झालं होतं का? जिंकला का, आणि पुढे त्याचं काय झालं?

---

जुना बासवाला

बुवा, तबलजी खरं बोलतोय. माणसाचं नाव जॉन फोगर्टी, बँड क्रीडन्स क्लियरवॉटर रिव्हायव्हल. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. १९८६ मध्ये मित्राच्या भावाने मस्कतहून 'सेंटरफील्ड' नावाची कॅसेट आणली. रास्ता पेठेतल्या त्यांच्या माडीवर आम्ही चौघे ती ऐकत होतो. पहिलंच गाणं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड'. दहा सेकंद ऐकून मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "कोण आहे हा? क्रीडन्सची नक्कल मारतोय." क्रीडन्सचा गायक हाच, हे माझ्या गावीही नव्हतं. थोडक्यात, मला तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला नेलं असतं तर मी कंपनीच्या बाजूने साक्ष देऊन आलो असतो.

आता मूळ गोष्ट. फोगर्टीचा जन्म १९४५ चा, बर्कलीचा. वाढला शेजारच्या एल सेरिटोत. शाळेतलेच दोन सोबती, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड, आणि वर थोरला भाऊ टॉम. १९६४ मध्ये फॅन्टसी रेकॉर्ड्सशी करार झाला. कंपनीने त्यांचं नाव परस्पर बदलून 'गॉलीवॉग्ज' ठेवलं, ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं. चार वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. मधल्या काळात व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, सक्तीची भरती चालू. जॉन लष्कराच्या राखीव दलात गेला. १९६८ मध्ये मोकळं केल्याचा कागद घराच्या पायरीवर येऊन पडला. तो आत गेला, गिटार घेतली आणि 'प्राउड मेरी' लिहायला बसला.

मग जे झालं त्याला तोड नाही. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम! आजकाल तीन वर्षांत एक येतो. लिहिणार हा, गाणार हा, मुख्य गिटार याची, निर्माताही हाच. गाणी अडीच-तीन मिनिटांची, एक जादा सूर नाही. त्यांची पाच सिंगल्स (सुटी गाणी) बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचली आणि पहिला नंबर एकदाही मिळाला नाही. वुडस्टॉकला, म्हणजे १९६९ च्या त्या गाजलेल्या संगीत महोत्सवात, त्यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर आली, समोर अर्धी जनता चिखलात झोपलेली. जॉनला तो कार्यक्रम इतका नापसंत की सिनेमात घालू दिला नाही. हा हट्टीपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'फॉर्च्युनेट सन' मात्र ऐकाच. बड्या बापांची पोरं युद्धातून सुटतात आणि बाकीच्यांची जातात, यावरचा संताप आहे. त्याच्या डोक्यात तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या मुलीचं माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या नातवाशी झालेलं लग्न होतं.

आता तुमच्या दुखण्याकडे येतो. १९६७ मध्ये फॅन्टसी विकत घेतली सॉल झेन्ट्स नावाच्या गृहस्थाने. सिनेमावाल्यांना नाव ओळखीचं वाटेल; 'अमेडियस' आणि 'द इंग्लिश पेशंट' यांचा निर्माता तोच. ऑस्कर घेणारा माणूस, चव उत्तम. पण क्रीडन्सच्या गाण्यांची मालकी कंपनीची, आणि पुढची कितीतरी वर्षं ठरावीक संख्येने गाणी देण्याचं बंधन. मुलांनी सह्या केल्या होत्या. तुमच्यासारख्याच, बुवा.

१९७१ मध्ये टॉम बाहेर पडला, १९७२ मध्ये बँड मोडला. जॉनला त्या करारातून सुटायचं होतं. शेवटी क्रीडन्सच्या रेकॉर्डवरची आपली रॉयल्टीच सोडून देऊन त्याने सुटका करून घेतली. बहामात ठेवलेली पुंजी बँकेबरोबर बुडाली ती वेगळीच. १९७६ चा एक अल्बम रेकॉर्ड कंपनीने नाकारला आणि मग जवळजवळ नऊ वर्षं बाजारात काही नाही.

१९८५ मध्ये 'सेंटरफील्ड' आला. ड्रम, बास, गिटार, सॅक्सोफोन, सगळं एकट्याने वाजवलेलं. अल्बम पहिल्या नंबरवर गेला. आणि त्यात स्वारीने काय करावं? खिसे कापणाऱ्या डुकरावर गाणं लिहिलं आणि डुकराचं नाव ठेवलं 'झँझ'. झेन्ट्सने अब्रूनुकसानीचा १४ कोटी ४० लाख डॉलरचा दावा लावला. घाईघाईने पहिलं अक्षर बदलून 'व्हँझ' केलं. ते प्रकरण शेवटी तडजोडीत मिटलं.

दुसरा दावा तुमचा. फॅन्टसी म्हणाली, 'ओल्ड मॅन' म्हणजे १९७० च्या 'रन थ्रू द जंगल'ची चाल, नुसते शब्द नवे. (वहिनींचाच मुद्दा!) ते जुनं गाणं लिहिलेलं फोगर्टीने, मालकी फॅन्टसीची. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूरीपुढे उभा राहिला. साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि आपण गाणं कसं रचतो ते वाजवून दाखवलं. दोन्ही गाणी बराच वेळ एकाच कॉर्डवर घुमत राहतात, दोन्हीत तीच दलदलीतून आल्यासारखी गिटार. त्याचं म्हणणं असं की ही माझी ढब आहे, माझ्यासारखं मी नाही वाजवायचं तर कोणी? ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला.

मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट कोर्टाबाहेरची आहे. आपण ती जुनी गाणी गायलो तर पैसे झेन्ट्सला जातात, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं स्वतःची गाणी गायलाच नाही. 'प्राउड मेरी' गावोगावच्या लग्नात वाजत होतं आणि ते लिहिणारा गप्प! १९८७ मध्ये हॉलिवूडजवळच्या एका क्लबात बॉब डिलन आणि बीटल्सवाला जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर हा मंचावर होता. डिलनने त्याला सांगितलं, तू 'प्राउड मेरी' गायला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचंच गाणं समजतील (तिनेही ते गाऊन गाजवलं होतं). त्या रात्री गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात जुनी गाणी पुन्हा गायला. नेहमीसाठी मन वळायला आणखी काही वर्षं गेली.

जॉर्ज हॅरिसन शेजारी उभा होता हा योगही पाहा. त्याच्यावर दुसऱ्याची चाल 'नकळत' उचलल्याचा ठपका १९७६ मध्ये कोर्टाने ठेवला होता. म्हणजे एकाला दुसऱ्याचं उचलल्याबद्दल धरलं आणि दुसऱ्याला स्वतःचं.

---

खाडीपलीकडची

मी बर्कलीत नोकरी करते आणि रोज बार्टच्या गाडीने एल सेरिटो प्लाझा स्टेशनवरून जाते. बासवाले, तुमच्या 'दलदलीतून आल्यासारख्या' गिटारवर मला नेहमी हसू येतं. इथे टेकड्या, उतरत्या गल्ल्या, बैठी घरं आणि समोर खाडीचं धुकं. 'बॉर्न ऑन द बायू' ऐकून लोकांना वाटतं की हा लुईझियानाच्या पाणथळीत मगरींच्या सोबतीने वाढला. सगळं घरी बसून रचलेलं! 'ग्रीन रिव्हर'मधली नदीसुद्धा इथलीच, विंटर्स गावाजवळचा पुटा क्रीक, लहानपणी सुट्टीत तिथे जायचे. आणि नाव घेतलं ते सरबताच्या बाटलीवरच्या लेबलावरून.

भावाचं मात्र कोणी लिहिलं नाही. बँड आधी टॉमच्या आवाजावर चालायचा. धाकट्याचा आवाज पुढे गेला आणि थोरला मागे उभा राहून साथीची गिटार वाजवू लागला. पुढच्या भांडणात टॉम झेन्ट्सच्या बाजूने राहिला. रक्त चढवताना एड्सची लागण झाली आणि १९९० मध्ये गेला. दोघांत समेट झालाच नाही.

---

जुना बासवाला

खरंय, ते मी टाळलं. वाचूनच पोटात तुटतं.

आणि बासवाला म्हणून माझी थोडी सहानुभूती स्टू कुकलाही आहे. जॉन कुणाला काही ठरवू द्यायचा नाही. शेवटी १९७२ च्या 'मार्डी ग्रा'मध्ये, घ्या, तुम्हीही लिहा आणि गा, असं झालं आणि समीक्षकांनी तो अल्बम सोलून काढला. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला, तेव्हा कुक आणि क्लिफर्ड समोर बसलेले असताना जॉन त्यांच्याबरोबर वाजवायला तयार नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनला घेऊन वाजवलं. शाळेतले मित्र हो! मला नाही पटलं ते, आजही नाही पटत.

---

वकीलबाई, सातारा

बासवाले अर्ध्यात थांबले. ज्यूरीपुढे जिंकल्यावर खरी लढाई वकिलांच्या फीची होती. तिथल्या त्या भागातल्या कोर्टांचा रिवाज असा, की दावा लावणारा जिंकला तर त्याला फी सहज मिळायची; प्रतिवादी जिंकला तर दावा खोडसाळ होता हे आधी दाखवायचं. फोगर्टी सुप्रीम कोर्टात गेला. १९९४ मध्ये सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी निकाल लिहिला: दोघांना एकच माप लावा. पुढे त्याला १३ लाख डॉलरच्या वर फी मिळाली. कॉपीराइट शिकणारी पोरं 'फोगर्टी विरुद्ध फॅन्टसी' वाचतात, गाणं ऐकलेलं असो वा नसो.

पेटीवाले दादा, तिथला निकाल इथे बांधील नाही. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघून घ्या. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. तुमचा कागद १९९८ चा. आधी तो शोधा, दुसरं पान नीट वाचा आणि मगच नोटिशीला उत्तर द्या. वाचल्याशिवाय "चूक झाली" असं एक अक्षरही लिहून देऊ नका. जवळच्या वकिलाला मूळ प्रत दाखवा, मोबाइलवरचा फोटो नको.

---

मिरजेचा पेटीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं: गाणी परत मिळाली का त्याला?

---

जुना बासवाला

मिळाली, पण कधी! २००४ मध्ये फॅन्टसी दुसऱ्या कंपनीने घेतली. त्यांनी सोडून दिलेली रॉयल्टी आपण होऊन पुन्हा सुरू केली. झेन्ट्स २०१४ मध्ये वारला. आणि जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, फोगर्टीने आपल्या क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा विकत घेतला. स्वतःच्या गाण्यांना पैसे मोजून! २०२५ मध्ये मुलांना हाताशी धरून तीच गाणी नव्याने रेकॉर्डही केली.

अवांतर: वुडस्टॉकला वाजवलेली रिकनबॅकर गिटार त्याने सत्तरच्या दशकात एका शाळकरी पोराला देऊन टाकली होती. चाळीसेक वर्षांनी बायकोने ती हुडकून काढली आणि २०१६ च्या नाताळात त्याच्यासमोर ठेवली.

---

मिरजेचा पेटीवाला

काल रात्री मुलीने दोन्ही गाणी लावून दिली, आधी 'जंगल', मग 'ओल्ड मॅन'. पेटीवर सूर शोधून पाहिले. चाली वेगळ्या आहेत, जागा वेगळ्या आहेत, पण एका सुरावर ठाण मांडून बसायची खोड तीच. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "हाही तुमच्यातलाच दिसतोय."

वकीलबाई, कागद शोधतोय. कपाटात नाही, पलंगाच्या खणात नाही. आता माळा उरलाय. रविवारी शेजारच्या पोराला शिडी घेऊन बोलावलंय.