सरावाच्या बोर्डावर डीबगरसाठी वेगळा मायक्रोकंट्रोलर बसवावा का?

प्रश्न (मकरपुरा, बडोदा)
नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतील आमचे छोटे युनिट पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर आधारलेला सरावाचा बोर्ड तयार करीत आहे. पहिल्या नमुन्यावर फक्त यूएसबी-सिरीयल चिप आहे. तिच्यामार्फत बूटलोडरने प्रोग्राम चढतो, परंतु चालता प्रोग्राम एखाद्या ओळीवर थांबवून व्हेरिएबल पाहता येत नाही; त्यासाठी डीबगर लागतो. एसटीच्या न्यूक्लिओ बोर्डावर असतो तसा डीबगरचे काम करणारा वेगळा इंटरफेस मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच द्यावा, की बाहेरचा डीबगर जोडण्यासाठी केवळ एसडब्ल्यूडीचा (दोन तारांच्या डीबग जोडणीचा) कनेक्टर काढून ठेवावा?

उत्तर १
शिकणाऱ्यांसाठी बोर्ड असेल तर इंटरफेस मायक्रोकंट्रोलर त्यावरच द्यावा. सिरीयल चिप केवळ बाइटची ने-आण करते; गाभ्यातील डीबग यंत्रणेशी तिचा संबंधच येत नाही. इंटरफेस मायक्रोकंट्रोलर एकीकडे यूएसबी आणि दुसरीकडे एसडब्ल्यूडीच्या एसडब्ल्यूडीआयओ व एसडब्ल्यूसीएलके या दोन तारा सांभाळतो, आणि त्यात डीएपीलिंक हे फर्मवेअर असेल तर एकाच केबलवर संगणकाला हेक्स फाइल (तयार प्रोग्राम) टाकण्यासाठी ड्राइव्ह, सिरीयल पोर्ट आणि सीएमएसआयएस-डॅप या प्रमाणित पद्धतीचा डीबगर असे तिन्ही दिसतात. शाळकरी मुलांसाठीच्या बीबीसी मायक्रोबिट बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीत एनआरएफ५१८२२ या मुख्य चिपशेजारी केएल२६ ही दुसरी चिप याच कामासाठी होती. न्यूक्लिओवरील एसटी-लिंक या डीबगरचे फर्मवेअर एसटीच्या मालकीचे आहे, ते उचलून आपल्या बोर्डावर चढवू नये. डीएपीलिंक अपाचे २.० परवान्याखाली खुले आहे.

उत्तर २
मी अर्धाच सहमत आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर डीबगप्रोब फर्मवेअर चढवून डीबगर बनवलेला एकेक रास्पबेरी पाय पिको बोर्ड ठेवला, तर प्रत्येक बोर्डावर दुसऱ्या चिपचा खर्च करण्याचे कारण उरत नाही. तरीही ती चिप बसवणारच असाल, तर न्यूक्लिओ-६४ वरील सीएन२ सारखे जंपर अवश्य द्या, म्हणजे ते काढून विद्यार्थ्याला त्याच डीबगरने स्वतःच्या प्रकल्पाचा बोर्डही तपासता येईल. आणखी एक गोष्ट सर्किटचा नकाशा काढतानाच पाहावी: बोर्डाला बाहेरून वीज असून यूएसबी केबल काढलेली असते, तेव्हा सिरीयलच्या तारेतून प्रवाह वीज नसलेल्या इंटरफेस चिपमध्ये शिरतो आणि ती अर्धवट जागी राहते. दोन्ही चिप एकाच ३.३ व्होल्टवर ठेवाव्यात, निदान त्या तारांत मालिकेने रोधक घालावेत.

प्रश्नकर्ता
जंपरचा मुद्दा पटला. चिप बोर्डावरच घेतो. विद्यार्थ्याने एसडब्ल्यूडीच्या पीए१३ किंवा पीए१४ या पिनांपैकी एखादा साधा आऊटपुट म्हणून वापरला, तर डीबगर कायमचा तुटेल का?

उत्तर १
कायमचा नाही. एफ१ मालिकेत क्यूबएमएक्स या एसटीच्या कोड तयार करून देणाऱ्या साधनात डीबगचा पर्याय ‘सिरीयल वायर’ निवडायचा राहिला, तरीही तयार होणारा कोड एसडब्ल्यूडी बंद करू शकतो, त्यामुळे हा प्रसंग वर्गात वारंवार येईल. म्हणून मुख्य चिपची एनआरएसटी (रीसेट) पिन इंटरफेस चिपला जोडाच. मग रीसेट दाबून धरलेल्या स्थितीत जोडणी करून फ्लॅश पुसता येते. बूट० (सुरू होताना कोणता कोड चालवायचा ते ठरवणारी पिन) याचा जंपरही हाताशी ठेवा, कारण तो वर केल्यास चिप स्वतःच्या बूटलोडरमध्ये जाते आणि विद्यार्थ्याचा कोड चालतच नाही.