कमोडमधला बोअरच्या पाण्याचा थर निघत नाही, काय वापरावं?

निपाणी_घर:
नमस्कार मंडळी. घरात सगळं बोअरचंच पाणी. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर खडबडीत कडं बसलंय आणि मागच्या बाजूला वरून खाली तपकिरी ओघळ आहे. निळा क्लीनर टाकून घासलं तरी फरक नाही. दुकानदार फरशी धुवायचं ॲसिड न्या म्हणतोय. सेप्टिक टँक आहे, खाली शहाबादी फरशी. काय करावं?

क्षार_आणि_साबण:
ते ॲसिड नको. शहाबादी म्हणजे चुनखडीच, शिंतोडा पडला की फेस येऊन फरशीला खड्डे पडतात. वाफेनं जेट स्प्रेचं क्रोमही जातं.

निळ्या क्लीनरमध्ये तेच ॲसिड असतं, साधारण दहा टक्के. मग फरक का पडत नाही? कारण ते कमोडातल्या पाण्यात मिसळून पातळ होतं आणि कड्यावर टिकतच नाही. म्हणून आधी पाणी काढा. अँगल कॉक (फ्लश टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा कॉक) बंद करून एकदा फ्लश करा, उरलेलं पाणी ब्रशनं दाबून आत ढकला, राहिलेलं जुन्या फडक्यानं टिपा. कडं उघडं पडलं पाहिजे.

मग लिंबूसत्व. किराणा दुकानात सुटं मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम. उकळतं पाणी ओतू नका, कमोडचं भांडं तडकू शकतं. टिश्यू पेपर या पाण्यात भिजवून कड्यावर आणि वर रिमच्या आत दाबून चिकटवा, म्हणजे द्रावण उभ्या भिंतीवरही थांबतं. रात्रभर ठेवा. सकाळी कागद काढून कचऱ्यात टाका, कमोडात नको. थर जाड असेल तर वर पांढरी भुकटी दिसेल. ते कॅल्शियम सायट्रेट, ते खालच्या थराला झाकतं. घासून काढा आणि ताजं द्रावण लावा. जुनं कडं एका रात्रीत निघेल असं धरून चालू नका.

चकचकीत_बाथरूम:
व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाका की, मस्त फेस येतो!

क्षार_आणि_साबण:
फेस येतो तेवढाच. सोडा आम्लाला मारतो, मग कड्यातला चुना विरघळवायला उरतं काय? नुसतं व्हिनेगर चालेल, पण त्यात आम्ल चार-पाच टक्केच, वेळ जास्त लागतो.

आणि ब्लीचिंग पावडर यातल्या कशातच मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद संडासात जिवावर बेतेल.

तांबडी_माती_खानापूर:
ओघळ तपकिरी असेल तर नुसता चुना नाही, लोखंडही आहे. आमच्याकडं जांभा दगडाच्या भागात विहिरीचं पाणी बादलीत ठेवलं की तांबूस होतं, तोच प्रकार. यावर ब्लीच तर उलटं काम करतं, लोखंड आणखी गंजून डाग घट्ट बसतो.

चुना गेल्यावरही तपकिरी रंग उरला तर ऑक्झॅलिक ॲसिड. हार्डवेअरच्या दुकानात पावडर मिळते. लिटरला ५० ग्रॅम, अर्धा तास, मग भरपूर पाणी. क्रम मात्र पाळा. चुन्याच्या थरावर ते टाकलं तर न विरघळणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं आणि काम वाढतं. विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा.

नळजोड_बेळगाव:
काका, मागं एकाच जागी ओघळ म्हणजे फ्लश टाकी गळतेय. आधी ते बघा, नाहीतर घासत बसाल आणि महिन्याभरात डाग परत. टाकीत खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालच्या व्हॉल्व्हचं रबर बसत नाही. अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्ह फिरवून काढा, रबर सीलवर क्षार असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. रबर कडक झालं असेल तर नवीनच घाला, धुऊन उपयोग नाही.

उरलेले बारीक खडे प्युमिस दगडानं काढता येतात. दगड आणि भांडं दोन्ही ओलं पाहिजे आणि दाब हलका. वायरची घासणी आणि पत्र्याचं पातं लांबच ठेवा. ग्लेझवर, म्हणजे भांड्याच्या गुळगुळीत थरावर, ओरखडा पडला की क्षार तिथंच धरतात.

निपाणी_घर:
रिमखालची भोकंही बुजलीत. आणि आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत साठवून संडासात ओततो, ते चालेल ना?

नळजोड_बेळगाव:
भोकांत आधी रात्रभर भिजवलेला कागद, सकाळी केबल टाय घालून मोकळी करायची. तारेनं कोचू नका. आरशाचा तुकडा खाली धरला की कुठलं बुजलंय ते दिसतं.

क्षार_आणि_साबण:
आरओचं सोडलेलं पाणी बोअरपेक्षाही जड असतं, सगळे क्षार त्यातच उतरतात. ते मोरी आणि अंगण धुवायला वापरा. कमोडात ओतायचंच असेल तर आठवड्यातून एका रात्री दोन मोठे चमचे लिंबूसत्व टाकून ठेवा. एवढ्यानं सेप्टिक टँकला काही होत नाही.